नाशिकमध्ये बनवायचं, उणे पन्नासला चालवायचं : तेल-वायू उपकरणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या वसाहतींत व्हॉल्व्ह, स्किड (एका चौकटीवर बसवलेला यंत्रसंच), प्रेशर व्हेसल (दाबाची टाकी), पाइप स्पूल, फ्लेमप्रूफ पॅनेल बनवणारी बरीच मंडळी आहेत. त्यातल्या कुणाला अतिथंड प्रदेशातली ऑर्डर आली की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा फोनवर येतात. क्वालिटीचं काम करताना जी उत्तरं द्यावी लागतात, ती इथे एकत्र लिहिली आहेत. फिटर, वेल्डर, खरेदी विभाग आणि मालक, सगळ्यांनीच वाचावीत.

नाशिकला बसून सायबेरियाच्या थंडीचा विचार आम्ही का करायचा?

कारण जॉब आपल्या गेटमधून जातो. ओएनजीसी विदेशने २००१ मध्ये रशियाच्या सखालीन-१ प्रकल्पात २० टक्के हिस्सा घेतला. २०१६ मध्ये पूर्व सायबेरियातल्या वांकोर क्षेत्रातही भारतीय सरकारी कंपन्यांनी भागीदारी केली. कॅनडा आणि अलास्कात तेलक्षेत्रं आहेतच. आणि इतकं लांब कशाला, आपल्याच लडाखमध्ये पारा उणे तीसच्या आसपास जातो.

थंडीत एखादं उपकरण फुटतं, तेव्हा त्याचं मूळ पुष्कळदा दोन गोष्टींत सापडतं : चुकीचं मटेरियल लागलेलं असतं, नाहीतर आत पाणी राहिलेलं असतं. या दोन्ही गोष्टी तिकडे बर्फात घडत नाहीत. त्या इथे, शॉप फ्लोअरवर, भर उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात घडतात. साइटवरचा माणूस नंतर कितीही काळजी घेवो, त्याला व्हॉल्व्हच्या पोटातलं पाणी दिसत नाही.

किती थंडी असली की ‘अतिथंड’ म्हणायचं?

एकच आकडा नाही. कामाला लागणारे आकडे असे : उणे २० अंशांपर्यंत बरंचसं नेहमीचं विद्युत साहित्य चालतं. साधं कार्बन स्टील साधारण उणे २९ पर्यंत नेलं जातं, तेही जाडी मर्यादेत असेल तर. ‘लो टेम्परेचर’ कार्बन स्टीलची परीक्षा उणे ४५-४६ ला होते. रशियन मानकांत यूएचएल-१ हा हवामानवर्ग दिसला, तर उणे ६० ते अधिक ४० अंश असा पट्टा धरायचा.

डेटाशीट वाचताना एकक आधी बघा. उणे २० फॅरेनहाइट म्हणजे उणे २९ सेल्सिअस, उणे ५० फॅरेनहाइट म्हणजे उणे ४६ सेल्सिअस. दोन्ही मापं फक्त उणे ४० ला जुळतात. अमेरिकन ड्रॉइंगवरचा आकडा सेल्सिअस समजून कोटेशन दिलं, की मटेरियलची अख्खी यादी चुकते.

थंडीत पोलाद ठिसूळ होतं म्हणजे नक्की काय होतं?

नेहमीच्या तापमानाला पोलादावर जास्त ताण आला तर ते आधी वाकतं, ताणलं जातं, मग तुटतं. वाकण्यात बरीच ऊर्जा खर्च होते आणि माणसाला इशाराही मिळतो. तापमान एका मर्यादेखाली गेलं की कार्बन स्टीलची वाकण्याची तयारीच संपते. एखादी बारीक चीर, वेल्डमधला छोटा दोष, तीक्ष्ण कोपरा यापासून सुरुवात होते आणि तडा क्षणात आरपार जातो. आवाज झाला तोच इशारा, तोवर काम संपलेलं असतं.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात उभं होतं. समुद्री चाचण्या नुकत्याच आटोपल्या होत्या. ते डेकपासून खाली चिरत गेलं आणि जवळजवळ दोन तुकडे झाले. हवा शून्याच्या थोडी खाली होती, एवढंच. त्या वेळच्या पोलादाला तेवढी थंडीही सोसली नाही. पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर १९४४ ला, क्लीव्हलंडमध्ये द्रवरूप नैसर्गिक वायूची टाकी फुटली आणि सुमारे १३० माणसं गेली. ती टाकी साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाची होती. उणे १६२ अंशांच्या द्रवाला ते पुरेसं नव्हतं. आज अशा टाक्यांना नऊ टक्के निकेलचं पोलाद वापरतात, त्यामागे हा इतिहास आहे.

हा गुण मोजायला चार्पी टेस्ट असते. १० बाय १० मिलिमीटर जाडीचा, ५५ मिलिमीटर लांबीचा तुकडा, मधोमध २ मिलिमीटर खोल ‘व्ही’ आकाराची खाच. तुकडा ठरलेल्या तापमानाला थंड करायचा आणि काही सेकंदांत यंत्रावर ठेवून लोलकाने तोडायचा. किती ज्यूल ऊर्जा खाल्ली ते यंत्र सांगतं. पण आकडा वाचून थांबू नका, तुटलेला तुकडा हातात घ्या. चांगल्या पोलादाचा भंग राखाडी, तंतुमय, कडांना फाकलेला दिसतो. ठिसूळ पोलादाचा भंग सपाट असतो आणि उन्हात धरला तर साखरेच्या दाण्यांसारखा चमकतो. नव्या मुलांना एकदा हे दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवा. चार तासांच्या ट्रेनिंगपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आमचं उपकरण गरम प्रदेशात जाणार आहे. मग थंडीचा संबंध नाही ना?

असू शकतो, आणि हा मुद्दा सगळ्यात जास्त निसटतो. थंडी प्रक्रियेच्या आतूनही येते.

वायूचा दाब झटक्यात उतरला की तो गार होतो. नैसर्गिक वायूसाठी ढोबळ हिशोब असा, की दर एक बार दाब उतरल्यावर साधारण अर्धा अंश तापमान घटतं. १०० बारचा वायू व्हॉल्व्हमधून एकदम ३० बारवर आणला, की ३५ अंश गेलेच. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे प्रोपेनची टाकी आणीबाणीत रिकामी केली तर तिची भिंत त्या तापमानाकडे सरकते, बाहेर मनमाडचं ऊन असलं तरी. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या भट्टीला जोडलेल्या गॅस सिलिंडरवर बाहेरून बर्फाचा पांढरा थर चढतो, तोही याच कारणाने.

ऑस्ट्रेलियातल्या लाँगफर्ड वायूप्रकल्पात २५ सप्टेंबर १९९८ ला हेच झालं. गरम तेलाचा प्रवाह बंद पडला, त्यामुळे एक हीट एक्स्चेंजर उणे ४८ च्या आसपास गार झाला. त्यावर बाहेरून बर्फ दिसत होता. मग त्यात पुन्हा गरम तेल सोडलं गेलं आणि तो तडकला. दोन कामगार गेले, आठ जखमी झाले, आणि व्हिक्टोरिया राज्याचा वायूपुरवठा कित्येक दिवस बंद राहिला. म्हणून डेटाशीटवर फक्त हवेचं किमान तापमान लिहिलेलं असेल, तर ग्राहकाला विचारा : दाब सोडताना धातूचं किमान तापमान किती? उत्तर मिळेपर्यंत मटेरियल मागवू नका.

ए१०६ ग्रेड बी (साधं कार्बन स्टील) पाइप स्टॉकमध्ये आहे. ए३३३ ग्रेड ६ (लो टेम्परेचर स्टील) ऐवजी तो लावला तर कुणाला कळणार आहे?

कुणालाच कळणार नाही. दिसायला सारखा, वजनाला सारखा, हायड्रोला, म्हणजे पाणी भरून घेतलेल्या दाबचाचणीला, दोन्ही पास होतात. म्हणूनच हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

दोघांच्या रसायनात फारसा फरक नाही. पीएमआय गन (धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) लावली तरी ती ए१०५ आणि ए३५० एलएफ२ (फोर्जिंगमधली अशीच साधी आणि लो टेम्परेचर जोडी) वेगळं सांगू शकत नाही, कारण ती कार्बन वाचत नाही आणि उष्णोपचार तर तिला दिसतच नाहीत. फरक आहे तो पोलाद कसं बनवलं, नॉर्मलाइज केलं (तापवून हवेत गार केलं) का, आणि कमी तापमानाला आघात चाचणी झाली का, यात. ए३३३ ग्रेड ६ ची चाचणी उणे ४५ ला होते, एलएफ२ ची उणे ४६ ला. म्हणजे तो पाइप योग्य असल्याचा पुरावा एकच : पाइपवर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या त्या खेपेचा क्रमांक) आणि त्याच्याशी जुळणारं टेस्ट सर्टिफिकेट. पाइप कापला की उरलेल्या तुकड्यावर नंबर आधी उतरवा, मग कापा. कटिंग झाल्यावर ‘नंतर टाकू’ म्हटलं, की संध्याकाळपर्यंत तो तुकडा अनाथ होतो आणि मग कुणीतरी अंदाजाने नंबर ठोकतो. अंदाजाचा नंबर ही फसवणूक आहे, नजरचूक नव्हे.

नेहमी लागणाऱ्या जोड्या लक्षात ठेवा. फोर्जिंग ए१०५ ऐवजी ए३५० एलएफ२. कास्टिंग डब्ल्यूसीबी ऐवजी एलसीबी किंवा एलसीसी. बोल्ट बी७ ऐवजी ए३२० एल७, ज्याची चाचणी उणे १०१ पर्यंत होते. पाइप-फोर्जिंगला उणे ४६ च्या खाली जायचं असेल तर साडेतीन टक्के निकेल किंवा सरळ ३०४ एल, ३१६ एल. स्टेनलेसच्या या जातींना ठिसूळपणाचा तो उंबरठा नसतो, म्हणून त्या खूप खालच्या तापमानापर्यंत चालतात.

आणखी एक. मुख्य पाइप बरोबर घेतात, पण त्यावर वेल्ड होणारा सपोर्ट, लिफ्टिंग लग, नेमप्लेटचं ब्रॅकेट साध्या प्लेटचं लावतात. तडा तिथून सुरू होऊन पाइपमध्ये शिरतो. दाबाच्या भागाला जे जे वेल्ड होतं, ते सगळं त्याच दर्जाचं हवं.

वेल्डिंगमध्ये काय बदलायचं?

रॉडचा शेवटचा आकडा बघा. ई७०१८ ची आघात चाचणी उणे २९-३० ला होते, ई७०१८-१ ची उणे ४५-४६ ला. पाकिटं शेजारी ठेवलेली असतील तर वेल्डर घाईत कुठलंही उचलेल, म्हणून दोन्ही एकाच स्टोअरमध्ये ठेवायचीच नाहीत.

दुसरी गोष्ट हीट इनपुट, म्हणजे वेल्डमध्ये जाणारी उष्णता. रुंद विव्हिंग करून दोन पासचं काम एकात उरकलं, तर वेल्डचे कण मोठे होतात आणि त्याचा चिवटपणा जातो. एक्स-रे स्वच्छ येईल, चार्पी नापास होईल. क्वालिफाय केलेल्या प्रोसिजरमध्ये जो हीट इनपुट आणि जे इंटरपास (दोन पासच्या मधलं) तापमान आहे, त्याच्या बाहेर जायचं नाही. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा बघता रॉड ओव्हनमध्ये भाजून, हातातल्या क्विव्हरमध्ये (रॉडच्या गरम डब्यात) गरमच ठेवले पाहिजेत. ओल्या रॉडमधला हायड्रोजन वेल्डमध्ये बारीक चिरा पाडतो. थंडीत तडा अशाच चिरेची वाट बघत असतो.

ओ-रिंग, गॅस्केट, सील यांचं काय?

रबर गोठलं की ते दगड होतं असं नाही, पण त्याची उसळी जाते. दाब बदलला, धातू आकसला, की सीलने मागोमाग सरकायला हवं. ते सरकत नाही आणि गळती सुरू होते. नेहमीचं व्हायटन रबर उणे १५-२० च्या पुढे भरवशाचं नाही. साधं नायट्रिल रबर साधारण उणे ३० पर्यंत जातं. त्याखाली खास लो-टेम्परेचर ग्रेड किंवा स्प्रिंगने ताणलेले पीटीएफई (टेफ्लॉन) लिप सील घ्यावे लागतात. ईपीडीएम रबर थंडीत छान असतं, पण तेलात फुगतं, त्यामुळे हायड्रोकार्बनला ते लावायचं नाही.

‘व्हायटन म्हणजे भारीच’ ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. उष्णता आणि रसायनांसाठी ती खरी आहे. थंडीसाठी नाही. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं, त्याच्या ओ-रिंगही याच कुळातल्या रबराच्या होत्या, आणि उड्डाणाच्या वेळी हवा शून्याच्या जराशीच वर होती.

हायड्रो झाल्यावर पाणी काढतो, हवा मारतो. एवढं पुरत नाही का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. बंद जागेत त्याला फुगायला वाट नसेल तर ते पोलादही फाडतं. बॉल व्हॉल्व्ह घ्या. हायड्रो घेतलं, व्हॉल्व्ह उघडला, पाणी निघालं, दोन्ही बाजूंनी आरपार दिसतं. पण बॉल आणि बॉडीच्या मधल्या पोकळीत सीटच्या मागे पाणी अडकलेलं असतं. उभा-आडवा करून ते निघत नाही. व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवायचा, बॉडीचा ड्रेन प्लग काढायचा, कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडत राहायचा, आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातली ओल दव होऊन पडते तो) मोजायचा. हात लावून ‘कोरडं वाटतंय’ म्हणणं हे मोजमाप नव्हे. हीच गोष्ट व्हेसलच्या खालच्या नोझलची, ब्लाइंड केलेल्या (झाकण लावून बंद केलेल्या) टी-पीसची, लेव्हल गेजची, इम्पल्स ट्यूबच्या (मापकाकडे जाणाऱ्या बारीक नळीच्या) वळणाची. ड्रॉइंग घेऊन बसा आणि पाणी कुठे कुठे साचू शकतं तिथे लाल पेन्सिलने खूण करा. डिझाइनच्या टप्प्यावर हे केलं तर नुसता एक ड्रेन पॉइंट वाढवून सुटका होते.

टेक्सासमधल्या सनरे इथल्या मॅकी रिफायनरीत १६ फेब्रुवारी २००७ ला काय झालं ते प्रत्येक पाइपिंगवाल्याला ठाऊक असावं. प्रोपेनच्या लाइनवरचं एक कंट्रोल स्टेशन वर्षानुवर्षं वापरात नव्हतं. ते काढलंही नव्हतं आणि ब्लाइंड टाकून तोडलंही नव्हतं. पूर्ण न मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून प्रोपेनबरोबर येणारं थोडं थोडं पाणी त्या बंद फाट्यात साचलं. थंडीची लाट आली, पाणी गोठलं, एल्बो चिरला. तोवर काहीच दिसलं नाही, कारण भोक बर्फानेच बुजवलं होतं. ऊब आली, बर्फ वितळला आणि प्रोपेन सुटला. आगीत कामगार गंभीर भाजले आणि पाइप रॅकचे खांब कोसळले. अपघात फक्त थंडीत होत नाही, थंडी ओसरतानाही होतो, हे यातून डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

आमचं फ्लेमप्रूफ पॅनेल सर्टिफाइड आहे. ते कुठेही चालेल ना?

सर्टिफिकेटवर तापमानाचा पट्टा बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर तो उणे २० ते अधिक ४० असतो. त्याबाहेर वापरायचं तर तो पट्टा नेमप्लेटवर लिहिलेला हवा आणि त्यासाठी वेगळी चाचणी झालेली हवी.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे ते कागदी वाटणार नाही. फ्लेमप्रूफ पेटीचं काम आतला स्फोट आतच ठेवण्याचं आहे. थंडीत वायू दाट होतो. उणे ५० ला त्याच पेटीत २० अंशांच्या तुलनेत साधारण ३० टक्के जास्त वायू-हवेचं मिश्रण मावतं, म्हणजे स्फोटाचा दाबही त्या प्रमाणात चढतो. खोलीच्या तापमानाला पास झालेली पेटी तिथे कमी पडू शकते.

आपल्याकडच्या पेट्या बहुधा एलएम६ अॅल्युमिनियमच्या असतात. अॅल्युमिनियम थंडीत पोलादासारखं ठिसूळ होत नाही, हे चांगलंच. पण झाकणाचं गॅस्केट, ग्लँडमधलं रबर, काचेभोवतीचं सिमेंटिंग आणि साध्या पीव्हीसीची केबल हे सगळे दुवे तपासायला हवेत. पीव्हीसी उणे १५-२० ला वाकवली की तडकते. डिस्प्ले मंदावतो, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दगा देतात. म्हणून आत छोटा हीटर आणि ‘आधी ऊब, मग सप्लाय’ असं इंटरलॉक ठेवतात. त्या हीटरचा पृष्ठभाग किती तापतो हेही तपासावं लागतं, कारण तापमानवर्गाचं बंधन त्यालाही आहे.

हीट ट्रेसिंग (पाइपला ऊब देणारी विजेची केबल) लावलं म्हणजे काळजी मिटली?

चालू आहे तोवर. वीज गेली किंवा एका सर्किटचा एमसीबी पडला तर किती तासांत लाइन गोठते, हे काढून ठेवलेलं हवं. अलार्म ‘केबलला वीज आहे’ यावर नको, पाइपच्या तापमानावर हवा.

सेल्फ-रेग्युलेटिंग केबल थंड जागी जास्त आणि गरम जागी कमी उष्णता देते. ती स्वतःवर ओव्हरलॅप झाली तरी सहसा जळत नाही. कॉन्स्टंट वॉटेजची केबल ओव्हरलॅप झाली तर जळते. फ्लँज, व्हॉल्व्ह आणि सपोर्टजवळ उष्णता जास्त वाया जाते, तिथे केबलचे जादा वेढे द्यायचे. आणि इन्सुलेशन ओलं झालं तर सगळा हिशोब फिसकटतो. क्लॅडिंगची (इन्सुलेशनवरच्या पत्र्याची) शिवण वर आली, पाणी आत शिरलं, की ट्रेसिंग पाइपऐवजी ते पाणी तापवत बसतं. नाशिकमध्ये स्किडवर क्लॅडिंग करून तो पावसात यार्डात उभा ठेवणं टाळा.

गोठू नये म्हणून उपकरणाभोवती बंद शेड केली तर?

करतात, आणि वारा अडवणं हा फार मोठा फायदा आहे. पण उघड्यावर गळलेला वायू वाऱ्याने निघून जातो, शेडमध्ये तो साठतो. ऊब राखायला झरोके बुजवले की धोका वाढतोच. बंद शेडबरोबर गॅस डिटेक्टर, किमान वायुवीजन आणि विद्युत साहित्यासाठी नव्याने क्षेत्र-वर्गीकरण (वायू कुठे साठू शकतो त्यानुसार) हे तिन्ही आलं पाहिजे. डिझेलचा हीटर आत ठेवला तर कार्बन मोनॉक्साइडचंही बघावं लागतं.

पाणी शून्यालाच गोठतं, मग १०-१२ अंशांवर वायूची लाइन कशी चोंदते?

तो बर्फ नसतो, हायड्रेट असतं. पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरा करतात आणि बर्फासारखा घट्ट पांढरा गोळा तयार होतो. दाब ७० बारच्या घरात असेल तर ओल्या वायूत १२-१५ अंशांवरही तो बनतो. वायूच्या पाइपलाइनी हिवाळ्यात चोंदतात त्या यामुळे, हे हॅमरश्मिट या संशोधकाने १९३४ मध्ये दाखवलं. उपाय तीन : वायू कोरडा करणं, लाइन गरम ठेवणं, किंवा मिथेनॉल वा ग्लायकॉल सोडणं.

चोंदलेली लाइन मोकळी करताना दाब कधीही एकाच बाजूने उतरवू नका. गोळा सुटला तर तो पाइपमधून गोळीसारखा धावतो आणि पुढचा एल्बो किंवा व्हॉल्व्ह फोडतो. दोन्ही बाजूंनी, सावकाश.

इन्स्ट्रुमेंट एअरला (व्हॉल्व्ह आणि मापकं चालवणाऱ्या दाबाच्या हवेला) काय वेगळं लागतं?

कोरडेपणा. नेहमीचा रेफ्रिजरेटेड ड्रायर फार तर ३ अंश दवबिंदू देतो. तिकडे डेसिकंट (ओल शोषून घेणारा) ड्रायर लागतो, आणि हवेचा दवबिंदू त्या जागेच्या किमान तापमानापेक्षा आणखी १० अंश खाली ठेवायचा. नाहीतर ट्यूबमधलं दव गोठतं आणि शटडाउन व्हॉल्व्ह नेमक्या वेळी हलत नाही.

तेल, ग्रीस, डिझेल, बॅटरी?

गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला सिंथेटिक तेल घ्या, आणि पोअर पॉइंट (ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान) किमान तापमानाच्या बराच खाली असू द्या. डिझेलमधलं मेण थंडीत वेगळं होऊन फिल्टर चोंदवतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पोअर पॉइंटचं खास हिवाळी डिझेल आणलं, ते पानिपतला बनतं. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर उणे ६० च्या आसपासपर्यंत गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आतबाहेर गोठते आणि फुटते. डिस्पॅचच्या आधी चार्ज करून पाठवणं हे आपलं काम.

अलास्काची पाइपलाइन जमिनीवर खांबांवर का उभी आहे?

तिथे धोका उलटा आहे. पाइपातलं गरम तेल कायम गोठलेली जमीन वितळवेल आणि मग पाइप खचेल, म्हणून. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या सुमारे १,२८७ किलोमीटरच्या लाइनचा अर्ध्याहून जास्त भाग खांबांवर आहे. बऱ्याच खांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीच्या उबेने अमोनियाची वाफ होते, वर जाऊन पंखांमध्ये गार होते, द्रव होऊन परत खाली येते. मोटर नाही, पंप नाही. जमिनीतली उष्णता आपोआप बाहेर फेकली जाते. अभियांत्रिकीचा इतका सुंदर नमुना मी दुसरा पाहिलेला नाही.

नेमप्लेटवर उणे ३० लिहिलंय, म्हणजे उणे ३० पर्यंत चालणारच ना?

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीची लाट आली. विहिरींची मुखं, वायूची संयंत्रं, वीजकेंद्रं गोठली. सरकारी नोंदीप्रमाणे २४६ माणसं मेली. नंतरच्या अधिकृत चौकशीत दिसलं, की गोठण्यामुळे बंद पडलेल्या वीजसंचांपैकी ८१ टक्के संच त्यांच्या घोषित किमान तापमानापेक्षा जास्त तापमानालाच बंद पडले होते. वाऱ्याचा हिशोब धरलेला नव्हता, इन्सुलेशन फाटलेलं होतं, सेन्सिंग लाइन उघड्या होत्या.

निफाडचा द्राक्षबागायतदार हे जास्त चांगलं जाणतो. पारा चार-पाच अंशांवर येणार अशी बातमी आली, की तो वर्षाची सरासरी बघत नाही. रात्रीच पाणी सोडायची आणि पहाटे शेकोट्या पेटवायची तयारी करतो. साइटवरही हिवाळ्याआधी प्रत्येक ट्रेसिंग सर्किट, प्रत्येक ड्रेन आणि इन्सुलेशनचा प्रत्येक सांधा चालून बघणारा माणूस लागतो.

गोठलेली लाइन मोकळी कशी करायची?

आधी दोन्ही बाजूंनी आयसोलेट करा. बाहेरून तडा गेला आहे का ते बघा, आणि दिसला नाही तरी तो आहे असं धरूनच पुढे जा. मग गरम पाणी, कमी दाबाची वाफ किंवा हीटिंग ब्लँकेट वापरून, मोकळ्या टोकाकडून आत सरकत जा. मधूनच तापवलं तर दोन बर्फांच्या मध्ये दाब कोंडला जातो. ब्लो लॅम्प, गॅस कटिंगचा टॉर्च अजिबात नको. हातोडाही नको, गार पोलादावर तर नकोच. वितळताना गॅस डिटेक्टर घेऊन माणूस उभा असू द्या.

माझा मुलगा फिटर म्हणून कॅनडाला चाललाय. काय सांगू त्याला?

वारा मोजायला सांगा, नुसता पारा नव्हे. उणे ३० ला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे ४६ लागतं, आणि उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. नाक, कान, बोटांची टोकं आधी बधिर होतात. बधिर झाली म्हणजे बरं वाटतंय असं नसतं. उघड्या हाताने धातू धरायचा नाही. सुती बनियन घामाने भिजतं आणि गार पडतं, आतून लोकर किंवा सिंथेटिक घालायचं. जाड हातमोज्यांनी काम हळू होतं, म्हणून घाई करायची नाही आणि एकट्याने बाहेर जायचं नाही. गोठलेली बोटं बर्फाने चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. कोमट पाण्यात ठेवायची आणि दवाखाना गाठायचा. तिथे पोचल्यावर शिकवतातच, पण घरून ऐकून गेलेला मुलगा पहिल्या आठवड्यात जास्त सावध राहतो.

पॅकिंग आणि कागदपत्रांत काय तपासू?

जुलैत इथे बंद केलेल्या पेटीत दमट हवाच बंद होते. कंटेनर न्हावा शेवाहून निघून थंड बंदराला लागला, की तीच हवा आत दव होऊन पडते आणि मग गोठते. म्हणून नोझल ब्लाइंड करताना आत कोरडा नायट्रोजन थोड्या दाबाने भरा, प्रेशर गेज लावून तो आकडा डिस्पॅच नोटवर लिहा, म्हणजे पोचल्यावर ग्राहक पडताळू शकेल. पॅनेलमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या टाका आणि त्या काढायची सूचना दारावर चिकटवा. उतरवताना क्रेनचा हूक लागणार आहे, तेव्हा ‘अमुक तापमानाखाली उचलू नये’ असा आकडा लिफ्टिंग ड्रॉइंगवर असू द्या.

फाइलमध्ये मटेरियल सर्टिफिकेट, चार्पीचे अहवाल, वेल्ड मॅप, कोरडं केल्याची दवबिंदूसह नोंद आणि विद्युत साहित्याची तापमान-पट्टा असलेली सर्टिफिकेटं हवीत. ज्या देशात माल जाणार, तिथली निर्यातबंदी आणि निर्बंधांची स्थिती ऑर्डर घेतानाच सल्लागाराकडून तपासून घ्या. आणि दवबिंदूच्या नोंदीवर सही त्याचीच घ्या, ज्याने मीटर हातात धरून वाचन घेतलं.